हात परत आला, तरी घड्याळ बघा

"डॉक्टर, फळ्यावर लिहिता लिहिता खडू हातातून गळून पडला." सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकाताईंचं पत्र असं सुरू होतं. वय 34. आधी डोळ्यांपुढे उजव्या बाजूला एक नागमोडी, चमचमणारी रेघ आली आणि हळूहळू पसरत गेली. दहा-पंधरा मिनिटांनी उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. त्या कोपरापर्यंत चढल्या, मग ओठांवर आणि जिभेवर आल्या. हात लुळा पडला. मुलांना "शांत बसा" म्हणायचं होतं, तर तोंडातून भलतेच शब्द निघाले. शाळेत ओरड झाली, बाईंच्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत डोकं ठणकायला लागलं, दोन उलट्या झाल्या आणि संध्याकाळी हात जसाच्या तसा. सीटी स्कॅन साफ. "टेन्शन घेऊ नका" असं सांगून त्यांना घरी पाठवलं.

त्यानंतर वर्षभरात असं आणखी तीनदा झालं. शेवटी एका न्यूरोलॉजिस्टनी एमआरआय करून, सगळी हकिगत ऐकून घेऊन नाव सांगितलं: हेमिप्लेजिक मायग्रेन, म्हणजे अर्धं अंग लुळं पाडणारी अर्धशिशी. आता घरात कुणी म्हणतं, दर वेळी कशाला धावपळ, झोपलीस की उतरतं ना! कुणी म्हणतं, शाळा टाळायची युक्ती आहे. ताई विचारतात, "दर वेळी दवाखान्यात पळायचं का? आणि एखाद्या वेळी खरंच अर्धांगवायू असला, तर कळणार कसं?"

या दुसऱ्या प्रश्नासाठी आजचा बहुतेक मजकूर खर्च करतो आहे, कारण जीव तिथे अडकलेला आहे.

मायग्रेन असलेल्यांपैकी सुमारे पाव ते एक तृतीयांश लोकांना डोकं दुखण्याआधी काही खुणा दिसतात. त्यांना ऑरा म्हणतात. बहुतेकांचा ऑरा डोळ्यांपुरता असतो: किल्ल्याच्या तटासारख्या वेड्यावाकड्या रेघा, चमचमणारा ठिपका, मधेच दिसेनासा होणारा तुकडा. काहींना मुंग्या येतात, शब्द सापडत नाहीत. हात-पाय लुळे पडणं मात्र दुर्मीळ. डेन्मार्कमध्ये झालेल्या मोजणीत हेमिप्लेजिक मायग्रेनचं प्रमाण दहा हजारांत साधारण एक असं आलं. म्हणूनच पहिल्या झटक्याला ते कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि यायलाही नको.

मेंदूत त्या वेळी काय चालतं? 1941 मध्ये कार्ल लॅशली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने स्वतःला दिसणाऱ्या ऑराची वेळोवेळी चित्रं काढली आणि हिशेब मांडला की मेंदूच्या पृष्ठभागावर काहीतरी मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर वेगाने सरकत असलं पाहिजे. 1944 मध्ये आरिस्तिदेस लेआव या ब्राझिलियन शास्त्रज्ञाला सशांच्या मेंदूवर साधारण त्याच वेगाने सरकणारी एक लाट प्रत्यक्ष मोजता आली. लाट जिथून जाते तिथल्या पेशी आधी चेकाळतात आणि मग काही काळ गप्प होतात. चेकाळतात तेव्हा रेघा चमकतात, मुंग्या येतात. गप्प होतात तेव्हा दिसेनासं होतं, हात उचलत नाही. हातावरून मुंग्या थेट ओठांवर कशा गेल्या, याचं ताईंना नवल वाटलं होतं. मेंदूच्या नकाशात हाताच्या शेजारचं घर चेहऱ्याचं आहे. लाट शेजारच्या घरात शिरली, इतकंच.

अर्धांगवायूत, म्हणजे स्ट्रोकमध्ये, रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. गावचा फ्यूज उडाला की सगळे दिवे एकदम जातात. तसं चेहरा, हात, बोलणं काही सेकंदांत जातं. चमचमाट नाही, सरकणाऱ्या मुंग्या नाहीत. म्हणून मी रुग्णाला आणि त्याच्या माणसांना पहिला प्रश्न विचारतो: "एकदम झालं की चढत गेलं? किती वाजता सुरू झालं?" मायग्रेनची एकेक खूण पाच मिनिटं किंवा जास्त वेळ घेत पसरते, पाच ते साठ मिनिटं टिकते, आणि बहुधा एक संपताना दुसरी सुरू होते. हाताची ताकद यायला जास्त वेळ लागतो, काही तास, कधी तीन दिवसांपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक.

हे वाचून घरच्या घरी निदान करायला जाऊ नका. या नियमाला भोकं आहेत. काही स्ट्रोक अडखळत, टप्प्याटप्प्याने येतात. काही तात्पुरते असतात, अर्ध्या तासात हात परत येतो आणि दोन दिवसांत मोठा झटका येतो. मधुमेहाच्या रुग्णाची साखर उतरली तरी जीभ जड होते, एक बाजू लुळी पडते. फिट येऊन गेल्यावरही असंच दिसतं. पहिला झटका हा स्ट्रोकच, असं धरून चाला. 108 ला फोन करा आणि जिथे सीटी स्कॅन आहे, गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देतात, अशाच रुग्णालयात न्यायला सांगा. ते इंजेक्शन बहुधा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी तपासण्यांचाही वेळ धरावा लागतो. गल्लीतल्या दवाखान्यात बीपी बघत घालवलेला तास परत मिळत नाही.

सीटी साफ आला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. सुरुवातीच्या तासांत सीटी मुख्यतः रक्तस्राव आहे का ते सांगतो. तुंबलेल्या वाहिनीचा स्ट्रोक त्यात तेव्हा अनेकदा दिसत नाही. त्यासाठी एमआरआयचा एक खास प्रकार लागतो, आणि त्याहून आधी लागतो रुग्णाची गोष्ट पूर्ण ऐकणारा डॉक्टर.

आता ताई, तुमचा पहिला प्रश्न. तुमचं निदान झालेलं आहे, चार झटके झालेले आहेत. तेव्हा तुमचा झटका तुम्हाला पाठ असला पाहिजे. कुठून सुरू होतो, कुठे चढतो, किती मिनिटांनी बोलणं जातं, हात किती वेळाने येतो, हे वहीत लिहा. पुढचा झटका त्या वहीबरहुकूम आला, तर तुमच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेले उपाय घरी, कुणाच्या तरी नजरेखाली करता येतात. वहीशी जुळत नसेल तर थेट रुग्णालय: मुंग्या-रेघांशिवाय एकदम हात गेला, हात यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय, डोकं क्षणात फुटल्यासारखं दुखलं, ताप आहे, मान आखडली, फिट आली, शुद्ध हरपत चालली, गरोदर असताना किंवा बाळंतपणानंतर झालं. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदा ऑरा दिसला, तर तो डोळ्यांपुरता असला तरी तपासून घ्या. आणि जिथे मन दोलायमान होईल तिथे जाच. दहा वेळा उगाच गेलात तरी एकही डॉक्टर तुम्हाला वेडं ठरवणार नाही, निदान ठरवू नये.

झटका सुरू झाला की सगळ्यात आधी बसा. गॅस बंद करा, दुचाकीवर असाल तर कडेला थांबा, जिन्यात असाल तर तिथेच पायरीवर टेका. शेजारच्याने वेळ लिहावी, जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा, डॉक्टरला तो फार उपयोगी पडतो. जीभ जड असताना तोंडात पाणी, साखर, चहा, गोळी काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. घरातल्या दुसऱ्याची बीपीची गोळी देऊ नका. अ‍ॅस्पिरिनसुद्धा स्वतःहून नको, रक्तस्राव असला तर तीच घात करते.

मेडिकलमध्ये "अर्धशिशीची गोळी द्या" म्हणून मागू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे त्या नावाखाली अनेकदा अर्गोटामिन मिसळलेली गोळी हातात पडते. अर्गोटामिन आणि ट्रिप्टान गटातली औषधं रक्तवाहिन्या आकुंचित करतात, त्यामुळे हेमिप्लेजिक मायग्रेनमध्ये ती टाळायची असतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, किंवा पोट आणि मूत्रपिंड ठीक असेल तर नॅप्रोक्सेनसारखी गोळी, आणि मळमळीचं औषध, इतकं बहुधा पुरतं. तीही मोजून. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा दिवस किंवा जास्त पोटात जाऊ लागली की गोळीच डोकेदुखी वाढवते.

झटके वारंवार येत असतील तर ते कमी करण्यासाठी रोज घ्यायची औषधं आहेत: फ्लुनारिझिन, व्हेरापामिल, लॅमोट्रिजिन, टोपिरामेट. कुणाला काय सोसेल ते न्यूरोलॉजिस्ट ठरवतील. फ्लुनारिझिनने झोप आणि वजन वाढतं, मन उदास होऊ शकतं, ते लपवू नका. टोपिरामेटने बोटांना मुंग्या येतात, आणि तुमच्यासारख्या रुग्णाला वाटतं झटका आला. या मुंग्या चढत जात नाहीत, हा फरक आधीच माहीत असला की घाबरगुंडी उडत नाही. मूल हवं असेल तर औषध सुरू होण्याआधीच सांगा, कारण टोपिरामेट, आणि काहींना दिलं जाणारं व्हालप्रोएट, ही औषधं गर्भाला अपाय करतात.

स्त्रियांसाठी आणखी एक, जे तपासणीच्या खोलीत बहुधा राहून जातं. ऑरासह मायग्रेन असणाऱ्यांना स्ट्रोकचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. तरुण वयात मुळातला धोकाच लहान, त्याची दुप्पटही लहानच, म्हणून झोप उडवून घेऊ नका. पण त्यात इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि तंबाखूचा धूर मिसळला की गणित बदलतं. ऑरा असणाऱ्यांनी या गोळ्या घेऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पीसीओडीसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांतही अनेकदा तेच असतं. तांबी चालते. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतात त्या गोळ्यांचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, तेव्हा त्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आणि मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे, दातांना लावली तरी रक्तात जाते.

उपास, जागरण, भर उन्हातली पायपीट, पाळीचे दिवस, ही कारणं तुम्ही अनुभवाने ओळखता. चतुर्थी करायची तर दूध-फळं घेऊन, पाणी भरपूर पिऊन करा. निर्जळी मात्र सोडा. हा आजार "पित्ताचा" नाही. उलटी झाल्यावर डोकं उतरतं म्हणून घशात बोटं घालू नका.

"नाटक" हा शब्द तुमच्या पत्रात दोनदा आला आहे, ते वाचून मला वाईट वाटलं. 2011 च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसमधल्या टीव्ही वार्ताहर सेरीन ब्रॅन्सन ग्रॅमी पुरस्कारांची बातमी थेट प्रक्षेपणात देत असताना त्यांच्या तोंडून अर्थहीन शब्द बाहेर पडले. ती चित्रफीत जगभर फिरली. काही जण हसले, अनेकांना वाटलं स्ट्रोक. तपासणीत निघाला मायग्रेन. कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या कसलेल्या वार्ताहराला जे थांबवता आलं नाही, ते वर्गातल्या बाईंनी कसं थांबवावं? घरच्यांना हा मजकूर वाचायला द्या. शाळेत एका सहकारी शिक्षिकेला वेळ लिहायचं काम सोपवून ठेवा. पर्समध्ये एक कार्ड असू द्या: आजाराचं नाव, नेहमीचा झटका कसा असतो, कोणती औषधं द्यायची नाहीत, घरचा फोन. एमआरआयची प्रत मोबाइलमध्ये ठेवा.

पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावं तसं, तुम्ही दोन वाक्यं लिहिली आहेत. आजीच्या अंगावरूनही दोन-तीनदा वारं गेलं होतं, एका जाणत्याच्या मंत्राने बरं वाटलं. आणि तुमच्या दहा वर्षांच्या लेकीचं अधूनमधून डोकं दुखतं.

हेमिप्लेजिक मायग्रेन घराण्यात उतरू शकतो. त्याचा पहिला जनुक 1996 मध्ये सापडला, नंतर आणखी सापडले. घराण्यातला प्रकार असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. हा झटका आपोआप उतरतो, म्हणून त्या वेळी जो कुणी हजर असेल, मंत्रवाला, मालीशवाला, अगदी डॉक्टरही, श्रेय त्याला मिळतं. मग त्याच घरात पुढच्या माणसाला खरा स्ट्रोक येतो, त्यालाही तिथेच नेतात आणि साडेचार तास निघून जातात. मी हे पाहिलेलं आहे.

लेकीला लगेच कुठल्या मोठ्या चाचणीची गरज नाही. एकदा तिला तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि तुमचं निदान त्यांच्या कानावर घाला. शाळेत खेळाच्या सरांनाही सांगा, कारण अशा घराण्यांतल्या काही मुलांना डोक्याला किरकोळ मार लागूनही मोठा झटका येतो. तो आला तर वाट न बघता रुग्णालय गाठायचं. आणि तुमच्या आत्या हयात आहेत ना? आजीचा हात किती वेळाने परत यायचा, आणि त्याआधी तिच्या डोळ्यांपुढे काही चमकायचं का, एवढं त्यांना या आठवड्यात फोन करून विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.