मंडळीत जग कुठून शिरतं

नगर

प्रिय बाळ,



तुझं पत्र पोहोचलं. दीक्षा होऊन पहिली मंडळी हाती आली आणि पहिल्याच बैठकीत गिटार आणि ड्रमवरून वाद पेटला, हे वाचून वाईट वाटलं. वडीलमंडळातले वडील म्हणतात, मंडळीत जग शिरलं. तरुण म्हणतात, जुन्या चालींत आमचं मन लागत नाही. आणि तू विचारतोस, सुशिक्षण टिकवायचं तर मी कोणाच्या बाजूनं उभं राहू?

वडिलांची काळजी खरी आहे. मंडळीत जग शिरतं आणि एकदा शिरलं की पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. पण ते वाद्यांच्या वाटेनं क्वचितच येतं. ज्या गोष्टींवर मंडळीत कधी वादच होत नाही, ज्या सगळ्यांच्या सोयीच्या असतात, त्यांच्यातून ते येतं. तुला सांगायचं आहे ते एवढंच, पण ते सविस्तर सांगतो.

आधी वाद्यांचं संपवतो. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे, पण गोव्यात राहून त्यांनी ख्रिस्तपुराण रचलं आणि ते १६१६ साली राचोलला छापलं गेलं. ते ओवीत आहे. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी कीर्तनातून ख्रिस्त सांगितला. नारायण वामन टिळकांनी अभंगांतून गायला. ओवी, कीर्तन, अभंग हे सगळं या मातीतलं, मंडळीबाहेरचंच होतं. पण ओवीत बसवताना स्टीफन्सनी वधस्तंभ गाळला नाही, आणि ऐकणाऱ्यांना जड जाईल म्हणून पाप, पश्चात्ताप, पुनरुत्थान हे विषय टाळले नाहीत. भांडं इथलं घेतलं, पण आतलं अन्न पातळ केलं नाही. तेव्हा ड्रम वाजू देत. गाण्याचे शब्द मात्र तू स्वतः आधी वाचत जा. ज्या गीतात ‘मला दे, मला उचल, मला जिंकव’ एवढंच आहे आणि ख्रिस्तानं काय केलं याचा शब्दही नाही, ते पेटीवर गायलं तरी नको.

आता मूळ गोष्टीकडे येतो. सेमिनरीत तुम्हाला बार्मेनचा जाहीरनामा शिकवला असेल, परीक्षेपुरता. तो पुन्हा काढ आणि पाळक म्हणून वाच.

१९३३ सालची जर्मनीतली प्रॉटेस्टंट मंडळी शिक्षणात कच्ची नव्हती. लूथरचं बायबल घराघरांत होतं, त्याची प्रश्नोत्तरावली मुलांना पाठ होती, जगातले नावाजलेले ईश्वरविज्ञानाचे पंडित त्यांच्या विद्यापीठांत शिकवत होते. अशा मंडळीत जग शिरलं, ते मतांगिकार न बदलता. ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाच्या चळवळीचं म्हणणं होतं की देव राष्ट्राच्या इतिहासातूनही बोलतो आणि या घडीला तो नव्या नेत्याच्या रूपानं बोलतो आहे. जुलै १९३३ च्या मंडळी-निवडणुकीच्या आदल्या रात्री हिटलरनं स्वतः रेडिओवरून त्यांच्या बाजूनं भाषण केलं आणि ते भरघोस मतांनी निवडून आले. सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या सिनडनं, म्हणजे तिथल्या मंडळीच्या प्रतिनिधिसभेनं, आर्य कलम स्वीकारलं. ज्याच्या पूर्वजांत यहुदी रक्त आहे त्यानं पाळक राहायचं नाही, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला का असेना.

इथे थांबून विचार कर. त्या सिनडनं त्रैक्य नाकारलं नव्हतं. कुमारीपासून जन्म, पुनरुत्थान, काहीच नाकारलं नव्हतं. रविवारी तीच गीतं, तीच प्रार्थना चालू होती. त्यांनी फक्त एवढंच ठरवलं की माणूस मंडळीत कुठे बसेल हे त्याच्या बाप्तिस्म्यानं नव्हे, त्याच्या जन्मानं ठरेल. त्यांना वाटलं, हा कारभाराचा प्रश्न आहे. पण तो सुवार्तेचाच प्रश्न होता. नोव्हेंबरमध्ये बर्लिनच्या श्पोर्टपालास्टमध्ये हजारोंच्या सभेत जर्मन ख्रिस्तींच्या एका पुढाऱ्यानं जुना करार टाकून द्या आणि पौलाचं यहुदी शिक्षण काढून टाका अशी उघड मागणी केली, तेव्हा अनेकांचे डोळे उघडले. जन्म बाप्तिस्म्याच्या वर बसवला की शास्त्र हातातून सुटायला तीन महिनेही लागले नाहीत.

आर्य कलमाला विरोध म्हणून पाळक मार्टिन नीमोलरनं पाळकांचा संघ उभा केला. मे १९३४ च्या अखेरीस बार्मेनला लूथरन, रिफॉर्म्ड आणि संयुक्त मंडळ्यांचे प्रतिनिधी एकत्र बसले. लूथरन आणि रिफॉर्म्ड प्रभुभोजनाच्या शिकवणीवरून शतकानुशतकं वेगळे होते, तरी त्यांनी एक जाहीरनामा काढला. त्याचा मसुदा मुख्यतः ईश्वरविज्ञानी कार्ल बार्थचा. त्यात सहा कलमं आहेत आणि प्रत्येकाची रचना एकसारखी: आधी शास्त्रवचन, मग आम्ही काय मानतो, आणि शेवटी आम्ही काय नाकारतो. पहिल्याच कलमाचा आशय असा की शास्त्रात ज्याची साक्ष आहे तो येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द, आणि त्याच्याखेरीज इतर घटना, सत्ता किंवा व्यक्ती यांना देवाचं प्रकटीकरण मानून मंडळीनं त्यांचा उपदेश करायचा नाही.

तो शेवटचा नकार नीट लक्षात घे. ‘आम्ही ख्रिस्ताला मानतो’ एवढंच म्हटलं असतं तर त्यावर जर्मन ख्रिस्तींनीही सही केली असती. ज्या शिक्षणाला कशालाच ‘नाही’ म्हणता येत नाही, ते मंडळीला राखू शकत नाही. तुझ्या प्रवचनांतही हे येऊ दे.

बार्मेनमध्ये एक मोठी उणीव राहिली आणि तीही तू जाणून घ्यायला हवीस. त्यात छळ होणाऱ्या यहुद्यांचा उल्लेखच नाही. ही चूक झाली असं बार्थनं पुढे १९६७ मध्ये स्वतः कबूल केलं. तरुण पाळक डीट्रिख बोनहोफरनं १९३३ च्या वसंतातच या विषयावर लिहिलं होतं, पण त्याचं ऐकणारे थोडे होते. म्हणजे योग्य शिक्षणासाठी जिवावर उदार झालेली माणसंसुद्धा शेजाऱ्याला विसरू शकतात. जिथे शिक्षण शुद्ध आहे आणि दारातला माणूस दिसत नाही, तिथे शिक्षण अजून पुरतं समजलेलं नाही, असं मी म्हणेन.

आता हे आपल्या घरी आणू. आपल्या मंडळ्यांत जन्म बाप्तिस्म्याच्या वर कुठे बसला आहे? तुला उत्तर ठाऊक आहे. दक्षिणेत तंजावर, मद्रासकडच्या जुन्या मंडळ्यांत जातीप्रमाणे वेगळं बसणं, प्रभुभोजनाला वेगळं येणं चालत असे. आधीच्या मिशनऱ्यांनी ही सामाजिक रीत आहे, विश्वासाला बाधत नाही, असं म्हणून ते चालू ठेवलं. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढून जात मंडळीतून ताबडतोब आणि कायमची गेली पाहिजे असा हुकूम केला. पुष्कळ लोक मंडळी सोडून गेले. विल्सन परदेशी होते, त्यांना इथलं कळत नव्हतं, असं म्हणणारे तेव्हाही होते. पण त्यांचा आधार परदेशी नव्हता. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघड. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, बंधूंच्या पंक्तीला बसत होता आणि यरुशलेमहून माणसं येताच उठून वेगळा झाला. पेत्रानं तिथे कोणतंही खोटं शिक्षण दिलं नव्हतं, तो फक्त ताटावरून उठला. तरी पौलानं त्याला सगळ्यांदेखत तोंडावर सांगितलं की हे सुवार्तेच्या सत्याला धरून नाही. पंक्ती हाही सिद्धांताचा विषय आहे, हे पौलानं तिथे कायमचं ठरवून टाकलं.

आपल्याकडे आज प्रभुभोजनाला वेगळी रांग नाही, याबद्दल देवाचे आभार. पण मुलीसाठी स्थळ आलं की ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न अजून हळूच विचारला जातो. गोव्यात बामण-चारडो हे भेद शतकांच्या ख्रिस्तीपणानंतरही लग्नात उरलेच. वडीलमंडळाच्या निवडणुकीत कोणत्या गावची, कोणत्या घराण्याची माणसं यावीत याची गणितं तू पाहशीलच. ड्रमवर तीन तास वाद घालणारी बैठक या विषयावर पाच मिनिटंही बोलत नाही. मला यातच जग दिसतं.

समृद्धीच्या सुवार्तेबद्दल, म्हणजे विश्वास ठेवला आणि दान दिलं की पैसा आणि आरोग्य मिळतंच या शिकवणीबद्दल, तू लिहिलंस. तरुण फोनवर ती ऐकतात, आणि गेल्या महिन्यात कोणा विधवा बाईनं ‘बी पेरा’ म्हणून पगाराचा मोठा भाग एका अनोळखी सेवेला पाठवला, हे वाचून मला झोप लागली नाही. हे शिक्षण चुकीचं आहे हे सांगायला तुला ग्रंथ लागणार नाहीत. ईयोब वाच, पौलाच्या शरीरातला काटा वाच. त्यानं तीन वेळा विनंती केली आणि तो काटा गेला नाही. पण त्या बाईला तू नुसतं चुकीचं म्हणून सोडू नकोस. लोझान या जागतिक सुवार्ता-चळवळीच्या आफ्रिकेतल्या ईश्वरविज्ञान अभ्यासकांनी २००८-०९ मध्ये घानात बसून या शिकवणीवर निवेदन तयार केलं. त्यांनी ती साफ खोटी ठरवली, पण गरिबी खरी आहे आणि देव आजही बरं करतो, हेही तितक्याच स्पष्टपणे मांडलं. त्या बाईच्या घरी जा. पोराची फी थकली आहे का ते विचार आणि मंडळीच्या निधीतून भर. तिचा विश्वास कमी पडला असं तिला पुन्हा कोणी सांगू नये, ही तुझी जबाबदारी.

आणखी एक. नाताळात, विशेषतः निवडणुकीच्या वर्षी, उमेदवार हार घेऊन येतात आणि वडील त्यांना वेदीजवळ खुर्ची देतात. आपण संख्येनं थोडे, भीतीही असते, म्हणून कोणालाच नाराज करू नये असं वाटतं. ते मला समजतं. पाहुण्याला मान दे, त्याच्यासाठी प्रार्थना कर, पण उपासनेत त्याला बोलायला उभं करू नकोस. मग तो कोणत्याही पक्षाचा असो, आपल्याला पसंत असलेल्या पक्षाचा असला तर मुळीच नको. मंडळीचा संदेश प्रचलित राजकीय मतांच्या हाती द्यायचा नाही, हे बार्मेनचं तिसरं कलम याच जागी लागू पडतं.

तुला आता सगळ्यांशी भांडत सुटावंसं वाटेल. तसं करू नकोस. पौलानं तीमथ्याला सुशिक्षण राखायला सांगितलं तेव्हाच सौम्यतेनं शिकवायलाही सांगितलं, आणि ते दोन्ही एकाच पत्रात आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला शेवटची कितीतरी वर्षं बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, का, तर आपल्या मुक्तीसदन आश्रमातल्या कमी शिकलेल्या बायकांनाही ते स्वतः वाचून कळावं म्हणून. ज्या मंडळीतल्या बायका-पोरांना शास्त्र वाचून कळतं, तिला फसवणं अवघड असतं. दर रविवारी आवडीचं वचन उचलून बोलू नकोस. एक पुस्तक धर, ते संपव, अवघड अध्याय वगळू नकोस. दृढीकरणाच्या वर्गात मतांगिकार नुसता घोकून घेऊ नकोस. नायसियाच्या मतांगिकारातल्या ओळी कोणत्या भांडणातून आल्या, त्या भांडणातल्या अरियसचं म्हणणं काय होतं, ते मुलांना गोष्टीसारखं सांग. पंधरा वर्षांच्या पोराला ते समजतं, मी शिकवलं आहे.

पुढच्या बैठकीत ड्रमचा विषय सगळ्यात शेवटी घे. त्याआधी गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय वडिलांपैकीच कोणाला तरी मोठ्यानं वाचायला सांग, आणि मग स्थळं जमवण्याच्या आपल्या रीतीवर त्यांचं मत विचार. पहिल्यांदा कोणी बोलणार नाही. चिडू नकोस, पुढच्या महिन्यात पुन्हा विचार. आणि तुझ्या स्वतःच्या लग्नाची बोलणी ताईनं सुरू केली आहेत असं कळलं. तिलाही हेच पत्र वाचायला दे.

ताईला आणि भाऊजींना सलाम.

तुझा,
मामा