चूक दुसऱ्याची, भुर्दंड मला का?

प्रश्न: सिग्नलला थांबले असताना मागून आलेल्या गाडीने माझ्या कारला धडक दिली. माझ्या विमा कंपनीने दुरुस्तीचे पैसे दिले, पण दोन हजार रुपये कापले. ते परत मिळतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, ही कपात म्हणजे दंड नव्हे. ‘कम्पल्सरी डिडक्टिबल’ म्हणून ती पॉलिसीतच लिहिलेली असते: १५०० सीसीपर्यंतच्या कारला १००० रुपये, त्यापुढे २०००. चूक कोणाची, याच्याशी तिचा संबंध नसतो.

मात्र समोरच्याकडून ही रक्कम मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. बिल आणि कपातीचा हिशेब जोडून त्याला व त्याच्या विमा कंपनीला लेखी मागणी करा. दाद लागली नाही, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करा. पोलिसांतली नोंद, फोटो, साक्षीदार हाताशी हवेत. नुसत्या दोन हजारांसाठी वकील लावणे मला पटत नाही. घसारा, टोइंग असा मोठा खर्चही अंगावर पडला असेल, तर जरूर लढा. विमा कंपनीने दिलेली रक्कम मात्र पुन्हा मागता येणार नाही. आणि ‘सर्व नुकसानभरपाई मिळाली’ अशा कागदावर न वाचता सही करू नका.