एकाकी दर्यावर्दी

नाचणगावच्या परिसरातून वाहणारी वर्धा नदी वैनगंगेला मिळते, प्राणहिता हे नाव घेऊन गोदावरीत शिरते आणि अखेर पूर्वसमुद्राला पोहोचते. नदी समुद्र गाठते. परंतु तिच्या काठी राहणाऱ्या कित्येकांनी समुद्र पाहिलेलाही नसतो. समुद्र म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे तुफान उभे राहते. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या दर्यावर्दीचा कस मात्र केवळ तुफानात लागत नाही. तो रोजच्या साध्या दिवसांतही लागतो.

कोठेही न थांबता अशी प्रदक्षिणा प्रथम पूर्ण केली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने. १९६८ साली निघालेल्या त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. ३१२ दिवसांनी, १९६९ साली, तो एकटाच ती पुरी करून परतला. त्याची ‘सुहैली’ ही सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. नौका आपल्या किनाऱ्यावरची, पण तीत भारतीय नव्हता. ही उणीव भरून काढण्याचा ध्यास व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी घेतला. त्यांच्या कल्पनेला होकार दिला नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी.

दोंदे यांनी नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे राहून नौकेच्या तयारीचे शिक्षण घेतले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौका आकार घेऊ लागली, तेव्हा ते तिच्या बांधणीवर लक्ष ठेवून होते. नदीचे नाव धारण करणारी ही ‘म्हादेई’ १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाली. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन या चारच बंदरांत थांबून, हॉर्नच्या भूशिराला वळसा घालून, १९ मे २०१० रोजी ती परतली. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे दोंदे हे पहिले भारतीय ठरले.

अशा प्रवासात सुकाणू, स्वयंपाक, दुरुस्ती आणि पहारा ही सारी कामे एकालाच करावी लागतात. सलग झोप मिळत नाही. थोडे निजावे, उठून क्षितिज न्याहाळावे, पुन्हा निजावे, असा क्रम चालतो. झिजलेला दोर आज बदलला नाही, तर तो उद्याच्या वादळात तुटतो. पाहणारा कोणी नसतो, शाबासकी देणाराही नसतो. तरीही काम चोख करावे लागते. खरी चिकाटी ती हीच.

परंतु काम करण्याची शक्तीच उरली नाही तर? हा प्रसंग अभिलाष टॉमी यांच्यावर आला. २०१२-१३ साली न थांबता एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. २०१८ सालच्या शर्यतीत हिंदी महासागरात वादळाने त्यांच्या नौकेच्या डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. त्यांना उभेही राहवेना. त्यांनी संदेश पाठवून मदत मागितली आणि पडल्या जागी वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचविले. मदत मागणे म्हणजे हार नव्हे, हेही त्या दिवसांनी शिकविले. पुढे उपचार घेऊन ते पुन्हा चालू लागले. २०२२ साली त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि २०२३ साली २३६ दिवसांनी दुसऱ्या क्रमांकाने किनाऱ्याला लागले.

समुद्र साऱ्यांच्या वाट्याला येत नाही. कोणी न पाहता करावयाचे काम मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येते. ते जो रोज नेटाने करतो, त्याची आणि या दर्यावर्दींची जात एकच होय.