ऑइल वाढलं, ठपका माझ्यावर

नव्या गाडीचं ऑइल कमी झालं तर माणूस घाबरतो. माझ्या बीएस-६ डिझेल गाडीचं वाढलं. डिपस्टिकवर वरच्या खुणेच्याही पुढे गेलं. वर्कशॉपच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने साधा वासही न घेता निकाल दिला : "भाऊ, तुम्ही बाहेर कुठंतरी ऑइल टाकून घेतलंय. वॉरंटीत बसणार नाही." जॉब कार्डवर तसं लिहिलंसुद्धा. त्या वर्कशॉपशिवाय गाडीचं बॉनेट कुणी उघडलेलं नव्हतं. मी व्यापारी माणूस आहे, जळगावात चारचौघांत माझ्या शब्दाला किंमत आहे. कर्मचाऱ्यांसमोर खोटं ठरवलं गेल्याचा राग अजून गेलेला नाही.

रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये आयुष्य काढलेले आमचे मामा भुसावळला राहतात. त्यांनी डिपस्टिकवरचा थेंब अंगठ्याने बोटावर चोळला, हुंगला, मग टिश्यू पेपरवर सोडला. काळ्या ठिपक्याभोवती फिकट तेलकट कडं पसरत गेलं. "डिझेल उतरलंय," मामा म्हणाले. "पण माझ्या नाकावर ते विश्वास ठेवणार नाहीत. लॅबचा कागद आण." डिझेल शेडमध्ये इंजिनच्या ऑइलचे नमुने स्पेक्ट्रोवर, म्हणजे ऑइलमधले धातू मोजणाऱ्या यंत्रावर तपासतात, इंजिन न खोलता कुठलं बेअरिंग झिजतंय याचा अंदाज येतो. मोटारीलाही तीच तपासणी लागू पडते.

कागद आला. ५डब्ल्यू-३० ऑइलची १०० अंश सेल्सिअसला चिकटाई किमान ९.३ सेंटिस्टोक्स हवी. माझी त्याच्या बरीच खाली, वीस ग्रेडच्या घरात. फ्लॅश पॉइंटही उतरलेला. आणि ज्याने माझी मान ताठ केली ती गोष्ट पुढच्या तक्त्यात होती. कोऱ्या ऑइलचा नमुना मी सोबत पाठवला होता. त्याच्या तुलनेत कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस हे तिन्ही सारख्याच प्रमाणात घटलेले. बाहेरून ऑइल ओतलं असतं तर ऑइल पातळ झालं नसतं, आणि तिन्ही आकडे असे एकजात खाली आले नसते. आत शिरलं होतं ते डिझेल.

शिरण्याचं कारण डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्यात साठलेली काजळी जाळायला अनेक गाड्या सिलिंडरमध्येच उशिरा जादा डिझेल सोडतात. महाबळ ते फुले मार्केट अशा तुकड्या-तुकड्यांच्या फेऱ्यांत गाडी मध्येच बंद होते, जाळणं अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. हे गाडी विकताना सांगायला नको?

कागद अ‍ॅडव्हायझरपुढे ठेवल्यावर माफी नाही. बोट दुसऱ्याच आकड्यावर : "सिलिकॉन बघा केवढं. खान्देशातली धूळ. तुमचा एअर फिल्टर." मी पुन्हा लॅबला फोन केला. नव्या इंजिनात जोडांना लावलेल्या सीलंटमधूनही सिलिकॉन ऑइलमध्ये उतरतं. धूळ गेली असती तर सोबत अ‍ॅल्युमिनियमही चढलं असतं, आणि झिजेचं लोखंड पुढेही वाढत राहिलं असतं. ऑइल बदलल्यावर दुसरा नमुना दिला. फिल्टर तोच, एरंडोल-पारोळ्याचा रस्ता तोच, आणि सिलिकॉन उतरलेलं. शेवटी ऑइल फुकट बदलून दिलं, पण बिलावर लिहिलं 'सद्भावना म्हणून'. माझ्या हक्काला यांची सद्भावना!

ज्यांनी नुकतीच गाडी घेतली त्यांनी लोखंड आणि तांब्याचे मोठे आकडे पाहून हादरू नये. नवं इंजिन एकमेकांवर बसताना झीज होतेच, ऑइल कूलरमधूनही तांबं सुटतं. पुढच्या नमुन्यात आकडे उतरले पाहिजेत. एका कागदावर भांडू नका. आणि स्पेक्ट्रोला बारीक कणच दिसतात, मोठी किरच सुटली तर ती यात येईलच असं नाही.

नमुना इंजिन गरम असताना, ऑइल काढताना मधल्या धारेतून घ्या. पहिली धार गाळाची असते. कोरडी, स्वच्छ बाटली. वर किलोमीटर, तारीख, ऑइलचा ग्रेड. अ‍ॅडव्हायझरसमोर सील करा आणि त्याची सही घ्या. तो टाळाटाळ करेल, माझ्याकडेही केली होती. लॅब एनएबीएल मान्यतेची बघा. बिलं जपून ठेवा, तोंडी काही ऐकू नका.

डीपीएफचा दिवा लागला तर इंजिन बंद करू नका, गाडी हायवेला काढा आणि वीसेक मिनिटं सलग पळवा. डिपस्टिक दर आठवड्याला बघा, कमी झालंय का एवढंच नाही, वाढलंय का तेही.

तरीही वर्कशॉप ऐकत नसेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. शोरूम धुळ्याची असली तरी जळगावच्या माणसाने धुळ्याला खेटे घालायचं कारण नाही. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर ग्राहक आयोग स्वतः नमुना सील करून लॅबला पाठवू शकतो. म्हणून वाद सुरू झाला की जुनं ऑइल वर्कशॉपच्या पिंपात ओतू देऊ नका. सीलबंद बाटलीत मागून घ्या.