व्ह्यूज कुणाचे, ते आधी बघा

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या परिसरात, बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर सीताफळ पाण्याचे लाड न मागता येतं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यामुळे गराचा धंदा करावा असं इथल्या तरुणाच्या मनात येणं साहजिक आहे. तो मोबाइलवर ‘सीताफळ’ शोधतो, लाखांचे व्ह्यूज बघतो आणि मागणी सापडली असं धरून चालतो. माझ्या मते फसगत इथेच सुरू होते. एकरी उत्पन्नाचा व्हिडिओ खाणारा कशाला बघेल? तो लावणारा बघतो. म्हणजे तो आकडा गिऱ्हाइकांचा नाही, उद्या आपल्याच बाजारात माल घेऊन येणाऱ्यांचा आहे. कडकनाथ कोंबडीचं हेच झालं. कोंबडीपालनाचे व्हिडिओ गावोगाव फिरले, पिल्लं विकली गेली, पण चढ्या भावानं अंडी घेऊन खाणारं घर कुणी मोजलं नाही. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे कडकनाथच्या योजनेत बुडाले.

कुणी म्हणेल, बाजारपेठेची पाहणी करायला लहान माणसाकडे पैसा कुठून येणार, हे फुकटचं साधन तरी का टाकायचं? टाकू नकाच, पण आकड्याच्या खाली उतरून कॉमेंट वाचा. ‘रोप कुठं मिळेल?’ हा लावणारा. ‘छान माहिती, दादा’ हा नुसता बघणारा. ‘पुण्यात मिळेल का, किलोला काय भाव?’ हा गिऱ्हाईक. शंभर कॉमेंट वहीत या तीन रकान्यांत मांडल्या, की लाखाच्या आकड्यातलं खरं किती ते दिसू लागतं. गूगल ट्रेंड्सवर यूट्यूबवरचा शोधही बघता येतो. कोणत्या महिन्यात शोध वाढतो ते तिथे कळतं. मात्र तिथले शून्य ते शंभर हे आकडे तुलनेचे आहेत, माणसांची मोजदाद नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: प्रसिद्धीनं मागणी तयारही होते. होते, पण बघणारा ज्यासाठी आला त्याचीच. १२ ऑक्टोबर २०२४ ला गडावर दसरा मेळावा झाला आणि नारायणगड घरोघरच्या मोबाइलवर पोहोचला. दिवस सीताफळाचे होते, तरी बघणारे लोक भाषण ऐकायला आले होते. रबडीची कृती बघणारी गृहिणीही फार तर डझनभर फळं आणेल. गर किलोंनी घेणारा आइस्क्रीमवाला किंवा मिठाईवाला असतो. तो व्हिडिओवर कॉमेंट करत बसत नाही, नमुना आणि भाव मागतो. शिवाय गर काढला की लवकर काळा पडतो. तो गोठवून ठेवावा लागतो, आणि विजेचं बिल व्ह्यूज बघून कमी होत नाही. म्हणून डीप फ्रीझरसाठी कर्ज काढण्याआधी बीड आणि छत्रपती संभाजीनगरच्या दहा दुकानदारांकडे गराचा डबा घेऊन जा, आणि त्यातला एक तरी आगाऊ रक्कम हातावर ठेवतो का, ते बघा.