टॅबवर कीबोर्डच येत नाही? आधी स्कॅनर बघा

काउंटरवर गिऱ्हाईकं थांबलीत, एकाला बिलावर जीएसटी नंबर हवाय, तुम्ही रकान्यावर बोट ठेवताय आणि टॅबवर कीबोर्ड काही येत नाही. अशा वेळी बरेच जण थेट फॅक्टरी रिसेट मारायला निघतात. थांबा! बिलिंग ॲपचा बॅकअप नसेल, तर कीबोर्डपायी उधारीचा सगळा हिशेब जाईल.

आधी टॅबला काय जोडलंय ते बघा. बहुतेक बारकोड स्कॅनर, ब्लूटूथ असो की यूएसबी, टॅबला आपली ओळख ‘कीबोर्ड’ अशीच करून देतात. कोडचे आकडे ते टाइप केल्यासारखेच पाठवतात ना! मग अँड्रॉइडला वाटतं, खरा कीबोर्ड आहे, स्क्रीनवरचा कशाला? खात्री करायची तर ब्लूटूथ बंद करा किंवा स्कॅनरची वायर काढा. कीबोर्ड आला? मग चोर सापडला.

पण स्कॅनर तर रोज लागणार. म्हणून तो परत जोडा आणि सेटिंग्जमध्ये ‘फिजिकल कीबोर्ड’ उघडा. सॅमसंगमध्ये हे ‘जनरल मॅनेजमेंट’खाली मिळेल, इतर बऱ्याच टॅबमध्ये ‘सिस्टिम’खाली. (सर्चमध्ये टाइप करून शोधता येणार नाही, अडचण तीच आहे!) तिथे ‘शो ऑन-स्क्रीन कीबोर्ड’ किंवा त्याच अर्थाचं बटण चालू करा. आता दोन्ही सोबत चालतील.

स्कॅनरच नसेल तर टॅब रीस्टार्ट करा. तरी नाही आला, तर ‘ॲप्स’मध्ये जाऊन जीबोर्ड किंवा तुमचा जो कीबोर्ड असेल तो ‘डिसेबल’ झालाय का बघा, आणि त्याची कॅशे साफ करा. कॅशे साफ केल्याने बिलिंगच्या डेटाला धक्का लागत नाही.