डोक्यावर कोणी उभे नसेल तर

“आपल्या लोकांच्या डोक्यावर कोणी उभे राहिल्याशिवाय काम होत नाही,” असे आपण कारखान्यात, कचेरीत व रविवारच्या शाळेच्या शिक्षकसभेतही ऐकतो. हा लोकांचा स्वभाव की कामाच्या मांडणीने लावलेली सवय? या पाठात आपण ह्याचा विचार करू.

अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये नवे स्वयंचलित माग बसवूनही अपेक्षित उत्पादन निघेना. गौतम साराभाई यांच्या निमंत्रणावरून लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी 1953 मध्ये तेथे पाहणी केली. 224 मागांवर 29 कामगार होते आणि त्यांची कामे 12 प्रकारची होती. विणकराकडे 24 ते 32 माग असत, कांड्या भरणाऱ्याकडे 40 ते 50, तर तुटलेले धागे सांधणाऱ्याकडे 60 ते 80. त्यामुळे कोणाचा जोडीदार कोण हे ठरत नसे, आणि कापड खराब झाले तर जबाबदारीही कोणाची नसे. मग प्रत्येक गोष्ट वरिष्ठांनाच विचारावी लागे.

ठरावीक माग एका लहान गटाकडे सोपवावेत, असे सुचवण्यात आले. कामगारांनी ही कल्पना लगेच उचलली व आपले गट स्वतःच जुळवले. सुरुवातीच्या अडचणी सरल्यावर उत्पादन वाढले, खराब कापड कमी झाले. माणसे तीच होती. मांडणी बदलताच जबाबदारीची वृत्ती दिसू लागली.

पण गोष्ट येथे संपत नाही. एरिक मिलर यांनी 1970 मध्ये पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका ठिकाणी ही पद्धत टिकून होती; इतरत्र ती कमीअधिक प्रमाणात मोडली होती. अडचणीच्या वेळी वरिष्ठ गटाच्या कामात हात घालू लागले होते.

ह्यावरून काय शिकावे? मांडणी वृत्ती घडवते हे खरे. पण वरच्यांची जुनी वृत्ती चांगली मांडणीही मोडते. जबाबदारी देणे एका दिवसाचे काम आहे. संकटात ती परत न घेणे, हीच खरी कसोटी होय.

विचारासाठी प्रश्न :
1. आपल्या हाताखालच्यांना कोणता निर्णय आपण मनापासून सोपवला आहे?
2. चूक झाली तेव्हा तो आपण परत घेतला काय?